हातमोजे की उघडा तळहात?



साठी ओलांडलेल्या स्त्रिया व्यायामशाळेत जाऊन वजने उचलतात, हे दृश्य आपल्या शहरांतून पूर्वी विरळाच होते. आज ते तितकेसे नवलाचे राहिलेले नाही. हाडांची घनता कमी झाल्याचा अहवाल हाती येतो, डॉक्टर ‘नुसते चालणे पुरेसे नाही, थोडे वजनही उचला’ असे सांगतात आणि मुलगी किंवा सून जवळच्या जिममध्ये आईचे नाव घालून येते. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात तळहात लाल होतात, बोटांच्या मुळाशी हुळहुळते, एखादा फोडही येतो. मग घरात दोन मते पडतात. एक मत असे, की आधी हातमोजे घ्यावेत. बाईमाणसाचे हात असे खरखरीत होऊन कसे चालेल? दुसरे असे, की मोजे घातले की पकड जाते आणि हात कधी तयारच होत नाहीत. जिममधील प्रशिक्षकांचेही या बाबतीत एकमत नसते.

प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. तरीही या सदरात त्याला पूर्ण जागा द्यावीशी वाटते, याला कारण आहे. तळहात झोंबतो म्हणून एखाद्या आजींनी व्यायाम थांबवला, तर त्याची किंमत पुढे त्यांच्या पायांना, पाठीला आणि स्वावलंबनाला मोजावी लागते. म्हणून हातमोज्यांचा विचार करताना, ज्या कामासाठी ते घ्यायचे त्या कामाचे मोलही आपण नीट समजून घेतले पाहिजे.

वजन उचलावेच कशासाठी?

वयानुसार स्नायूंचे वस्तुमान आणि त्यांतील बळ दोन्ही घटत जातात. या अवस्थेला वैद्यकशास्त्रात ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीनंतर हाडेही वेगाने विरळ होऊ लागतात. दुबळा स्नायू आणि ठिसूळ हाड एकत्र आले, की न्हाणीघरातले एक साधे घसरणेही मनगटाचे किंवा खुब्याचे हाड मोडण्यास पुरे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा असे म्हटले आहे. तोल आणि बळ वाढवणारे संमिश्र व्यायाम ३ दिवस, आणि मध्यम गतीने चालण्यासारखा व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे, हे त्याशिवाय.

‘आता या वयात काय बळ येणार?’ असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी १९९० सालचा एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथील वृद्धांच्या एका निवासी संस्थेत नव्वदीच्या घरातील १० अशक्त व्यक्तींना ८ आठवडे देखरेखीखाली पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. ९ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. नव्वदीतला स्नायूही शिकवले तर शिकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

हाताच्या पकडीचे महत्त्व तर आणखी निराळे आहे. भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. मुठीची पकड दर ५ किलोने कमी, तेव्हा मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी अधिक, असा संबंध त्यात आढळला. पकड कमी असणे हे मृत्यूचे कारण आहे, असा याचा अर्थ नव्हे. मूठ ही साऱ्या शरीराच्या बळाची खूण आहे, इतकेच ते सांगते. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार पुरुषाची पकड २८ किलोपेक्षा आणि स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी भरली, तर ती क्षीण समजली जाते. ती मोजण्याचे छोटे यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असते. मोजणीला काही मिनिटे पुरतात.

आता आपल्या प्रश्नाकडे या दृष्टीने पाहू. व्यायामात मूठ हीच मोलाची असेल, तर तिच्यावर चढवलेला मोजा तिला मदत करतो की तिचे काम स्वतःवर घेतो?

तळहाताला नेमके काय होते?

घट्टे आपल्याकडे नवे नाहीत. जात्याचा खुंटा, उखळातले मुसळ, रहाटाचा दोर, पाट्यावरचा वरवंटा यांनी आपल्या आजी-पणजींच्या तळहातांवर घट्टे उमटवलेले होते. त्वचेच्या एकाच जागी वारंवार दाब आणि घर्षण झाले, की वरचा मृत पेशींचा थर जाड होतो आणि खालच्या नाजूक थराचे रक्षण करतो. घट्टा म्हणजे शरीराने स्वतःच शिवलेला हातमोजा. तो दुखत नाही, आणि बेताचा असेल तर त्याच्यावर उपचारही करावा लागत नाही.

फोड मात्र वेगळा. त्वचेला सवय होण्याआधीच घर्षण फार झाले, तर तिचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी भरते. म्हणजे घट्टा ही हळूहळू झालेली तयारी आणि फोड ही घाईची शिक्षा. सुरुवातीचे वजन कमी ठेवले आणि ते काही आठवड्यांत हळूहळू वाढवले, तर बहुतेक निरोगी हातांना फोड न येताच सवय होते.

पकडण्याची रीतही येथे महत्त्वाची ठरते. अनेक जणी दांडा तळहाताच्या ऐन मध्यभागी धरतात. वजन खाली ओढले जाताच तिथली कातडी बोटांकडे सरकते, तिची घडी पडते आणि ती चिमटली जाते. दांडा खाली लोंबता धरायचा असेल तेव्हा तो बोटांच्या मुळांपाशी ठेवून मग मूठ वळावी. हातमोज्यांनी सुटेल असे वाटणारा निम्मा त्रास एवढ्यानेच कमी होतो.

स्त्रियांसाठी काही वेगळे आहे का?

त्वचेच्या नियमांत स्त्री-पुरुष असा भेद नाही. ‘बायकांनी मोजे घालावेत’ हा सल्ला बहुधा हात मऊ राहावेत या अपेक्षेतून येतो, आरोग्याच्या गरजेतून नव्हे. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांचे भारोत्तोलन प्रथम आले ते २००० साली, सिडनी येथे. त्याच स्पर्धेत कर्णम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो वजनगटात दोन प्रकारांत मिळून २४० किलो वजन उचलले आणि ऑलिम्पिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. पुढे टोकियो येथे मीराबाई चानू यांनी ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवले. या खेळातील स्त्रिया घाम टिपण्यासाठी तळहातांना मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड चोळतात, हे आपण दूरदर्शन संचावर पाहिले असेल.

तरीही एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. स्त्रियांचा हात सरासरीने लहान असतो. स्पर्धेच्या नियमांतही त्याची दखल आहे: पुरुषांचा दांडा २८ मिलिमीटर जाडीचा व २० किलोचा असतो, तर स्त्रियांचा २५ मिलिमीटर जाडीचा व १५ किलोचा. दांडा जितका जाड, तितकी त्याच्याभोवती मूठ नीट वळत नाही आणि पकडीला अधिक बळ लागते. आता गुबगुबीत अस्तराचा मोजा घातला, की दांड्याच्या दोन्ही बाजूंना काही मिलिमीटरची भर पडते. नियमकर्त्यांनी लहान हातांसाठी जी ३ मिलिमीटरची सवलत दिली, ती मोजा क्षणात काढून घेतो. वजन तेवढेच राहते, ते निसटण्याची शक्यता मात्र वाढते. शिवाय दांडा हातात फिरतो आहे की स्थिर आहे, ही जाणीव बोटांच्या कातडीतून मेंदूला मिळत असते. जाड अस्तर ती बोथट करते.

दुसरा भेद सांध्यांचा. अंगठ्याच्या मुळाशी होणारी सांध्याची झीज आणि मनगटातील नस दाबली गेल्यामुळे हाताला येणाऱ्या मुंग्या, ज्याला कार्पल टनेलचा विकार म्हणतात, हे दोन्ही मध्यम वयानंतर स्त्रियांत अधिक आढळतात. अशा हातांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

मोजे कोणी घालावेत?

निरोगी तळहाताच्या, बेताचे वजन उचलणाऱ्या स्त्रीला मोज्यांची गरज नाही. तिला ते आवडत असतील आणि त्यामुळे ती नियमाने व्यायामाला जात असेल, तर पातळ मोजे घालण्यास हरकतही नाही. मात्र पुढील परिस्थितींत त्यांचा खरा उपयोग होतो.

ज्यांची त्वचा वयामुळे किंवा दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडमुळे कागदासारखी पातळ झाली आहे, तसेच ज्या रक्त पातळ ठेवणारी औषधे घेतात, त्यांना थोड्याशा घर्षणानेही खरचटते किंवा काळेनिळे डाग पडतात. त्यांनी मोजे जरूर घालावेत.

ज्यांना मधुमेह आहे, त्यांच्या जखमा भरण्यास वेळ लागू शकतो आणि त्यांत जंतुसंसर्गाची भीती अधिक असते. फोड न येऊ देणे हेच त्यांच्यासाठी शहाणपणाचे. पण मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, तर एक पेच उभा राहतो: मोजा कातडीचे रक्षण करतो, पण उरलेली जाणीवही झाकतो. अशा व्यक्तींनी सुटे वजन हातात घेण्याऐवजी जिममधील बैठ्या यंत्रांवर व्यायाम करावा, किंवा मनगटाला व घोट्याला बांधावयाची वजने वापरावीत, आणि प्रत्येक वेळी व्यायामानंतर उजेडात दोन्ही तळहात नीट पाहावेत. जखम दुखली नाही म्हणून ती नाही असे समजू नये.

ज्यांच्या बोटांना संधिवात आहे, त्यांचा अनुभव वरच्या नियमाला थोडा अपवाद ठरतो. बोटे पूर्ण मिटताना ज्यांना वेदना होतात, त्यांना किंचित जाड आणि मऊ मूठ सोयीची वाटते. म्हणूनच अशा रुग्णांसाठी चमच्याची दांडीही जाड करून देतात. हलके वजन आणि मऊ अस्तराचा मोजा ही जोडी त्यांना मानवू शकते. वजन जड असेल, तर मात्र हा हिशेब उलटतो.

ज्यांच्या तळहातांना फार घाम येतो, त्यांनी आधी सुती रुमाल जवळ ठेवून पाहावा. तेवढ्याने न भागल्यास पातळ, न घसरणाऱ्या तळव्याचे मोजे घ्यावेत. इसब किंवा भेगा असतील, तर मोजे घेण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. रबर किंवा चामड्यावरील प्रक्रियेची काहींना वावडे असते.

एका गोष्टीपासून मात्र ज्येष्ठांनी दूर राहावे. जिममध्ये मनगटाला बांधून दांड्याभोवती गुंडाळण्याचे पट्टे आणि आकडे मिळतात. त्यांनी हात वजनाशी जखडला जातो. तोल गेला, चक्कर आली, तर वजन तत्काळ सोडता आले पाहिजे. वाढत्या वयात ही मोकळीक मोलाची आहे.

घ्यायचेच असतील, तर कसे घ्यावेत?

मोजे दुकानात घालून पाहावेत आणि मूठ पूर्ण वळते का, ते तपासावे. तळव्याकडे सुरकुती पडत असेल, तर ते सैल आहेत. तीच सुरकुती पुढे फोड आणेल. बोटांची टोके उघडी असलेले, पातळ तळव्याचे, आतून जाड शिवण नसलेले मोजे बरे. मनगटाचा पट्टा इतकाच आवळावा की त्याखाली एक बोट सहज जाईल. हाताला मुंग्या आल्या, बोटे बधिरली, तर पट्टा लगेच सैल करावा. मोजे काढूनही मुंग्या राहिल्या, तर डॉक्टरांना दाखवावे.

घामट मोजे पिशवीत तसेच कोंबून ठेवू नयेत. ते नियमाने धुऊन पूर्ण वाळवावेत, आणि एकमेकींचे वापरू नयेत. ओलसर मोज्यांत बुरशी वाढते. जिममधील दांड्यांना अनेकांचे हात लागलेले असतात, तेव्हा मोजे घाला अथवा न घाला, व्यायामानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्यांना वा तोंडाला लावू नयेत.

आणि मोज्यांपूर्वी अंगठ्या! वजन उचलण्याआधी अंगठ्या आणि बांगड्या उतरवून ठेवणे हे मोजे घालण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे. दांडा आणि बोट यांच्यामध्ये अंगठी सापडली तर ती कातडीत रुतते. ती यंत्रात अडकली तर बोटाला गंभीर इजा होऊ शकते. काचेच्या बांगड्या फुटून मनगट कापण्याचा धोका आहेच. हातातली बांगडी उतरवणे अनेक आजींच्या मनाला पटत नाही, हे खरे. त्यांच्यासाठी यंत्रावर बसून पायांचे व्यायाम आधी घ्यावेत आणि हातांच्या व्यायामापुरता हा विषय घरातल्यांनी हळुवारपणे काढावा. सांधे सुजून अंगठी निघत नसेल, तर ती ओढाताण न करता सोनाराकडून कापून मोठी करून घ्यावी.

हातांची निगा

रात्री झोपताना तळहातांना खोबरेल तेल किंवा साधे मलम चोळावे. व्यायामाच्या लगेच आधी मात्र नको, हात निसरडे होतात. घट्टा फार उंच होऊन कडेने उचकटू लागला, तर स्नानानंतर त्वचा मऊ असताना वजरीने हलकेच घासावे. ब्लेडने किंवा कात्रीने तो कापू नये. मधुमेह असलेल्यांनी तर स्वतः काहीच न करता डॉक्टरांना दाखवावे. फोड आल्यास तो फोडू नये, स्वच्छ पट्टीने झाकावा आणि तो बरा होईपर्यंत त्या हातात वजन घेऊ नये; त्या दिवसांत पायांचे व्यायाम चालू ठेवता येतात. फोडाभोवती लाली पसरू लागली, पू आला, ठणका वा ताप आला, तर विलंब करू नये.

सांभाळणाऱ्यांसाठी दोन शब्द

घरातील ज्येष्ठांना वजनाचा व्यायाम सुरू करून देताना मोज्यांची खरेदी ही शेवटची पायरी समजावी. पहिली पायरी डॉक्टरांच्या सल्ल्याची. रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार असेल, नुकतेच हाड मोडले असेल, हर्निया असेल किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्यांच्या अनुमतीशिवाय सुरुवात करू नये. मणक्याची हाडे ठिसूळ झाली असतील, तर पुढे वाकून वजन उचलणे टाळावे आणि फिजिओथेरपिस्टकडून रीत शिकून घ्यावी. वजन उचलताना श्वास रोखला, की रक्तदाब एकदम चढतो. म्हणून उचलताना श्वास सोडावा आणि खाली ठेवताना घ्यावा. आई उचलता उचलता हळू आवाजात आकडे मोजत असेल, तर श्वास रोखला जात नाही, ही सोपी युक्ती.

जिमला जाणे शक्य नसेल, तर घरही पुरेसे आहे. पाण्याने भरलेली १ लिटरची बाटली साधारण १ किलोची भरते. भक्कम खुर्चीवर बसून ती उचलावी, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे-बसावे, आणि पकडीसाठी ओला पंचा दोन्ही हातांनी पिळावा. यासाठी मोजे लागत नाहीत.

पकड कमी होत असल्याच्या खुणा घरातच दिसतात. बरणीचे झाकण दुसऱ्याकडून उघडून घेतले जाते, दुधाचे पातेले दोन्ही हातांनी उचलले जाते, जिन्याचा कठडा धरला तरी पाऊल कचरते. या खुणा दिसल्या की ‘वय झाले’ म्हणून त्या सोडून देऊ नयेत. आणि एक विनंती आपल्यासाठीही: आजारी माणसाला पलंगावरून उठवताना आपलीच कंबर आणि मनगटे झिजत असतात. आठवड्यातले ते दोन दिवस आईबरोबर आपणही वजन उचलावे. एकीने मोजायचे, दुसरीने उचलायचे, असे केले तर दोघींचाही नियम टिकतो.

तेव्हा ज्यांची त्वचा किंवा प्रकृती मागते, त्यांनी पातळ व नेटके मोजे निःशंकपणे घालावेत. इतरांनी उघड्या हातांनी, कमी वजनापासून, सावकाश सुरुवात करावी आणि बोटांच्या मुळाशी बेताचा घट्टा आला तर त्याची लाज बाळगू नये. आज संध्याकाळी न्हाणीघरातला ओला पंचा स्वतःच्या हातांनी पिळून पाहावा. त्यातून पाणी किती निथळते, ते ध्यानात ठेवावे आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाहावे.